तिला आपण काय म्हणता?

नकुसा व्याधीला हे नाव कसं पडलं याबद्दल आज जगात तीन मतं आहेत, आणि तिन्ही छातीठोक. जपानी डॉक्टर म्हणतात, शब्द आमचा, आमच्या भाषेत हरवण्याला असंच काहीसं म्हणतात. जर्मन डॉक्टर म्हणतात, ही अवघड शब्दांची आद्याक्षरं आहेत. ते शब्द कोणते यावर मात्र त्यांचं अजून एकमत व्हायचंय. आणि आपल्याकडचे शिकलेले लोक समजुतीनं मान हलवतात: बिचारा पेशंट आजाराला इतका विटला होता, की त्यानं त्याचं नावच नकोशी ठेवलं.

हे तिसरं मत ऐकलं की हिंगणवाडीत लोकांच्या नाकातून चहा येतो. कारण तो बिचारा पेशंट म्हणजे गावचाच जालिंदर शिंगटे, आणि जालिंदरबापू विटलेला कुणी कधी पाहिलाच नव्हता. सांगलीच्या पंचक्रोशीतल्या झाडून सगळ्या कुस्ती मैदानांचा तो निवेदक. आवाज असा, की माईक बंद पडला तर ते लोकांना माईक दुरुस्तीला गेल्यावर कळायचं. एकदा त्यानं आखाड्यात ‘उठा!’ म्हणून पुकारा केला, तर नदीपलीकडच्या गावात अंथरुणाला खिळलेले एक आजोबा उठून बसले, आणि चहा मागू लागले. खोटं वाटत असेल तर त्यांच्या सुनेला विचारा, ती अजून बापूवर रागावून आहे.

काळ म्हणाल तर फार पुढचा नाही. बस बिनड्रायव्हरच्या झाल्या होत्या, कंडक्टर मात्र ठेवला होता, कारण यंत्रानं ‘पुढे सरका’ म्हटलं तर कुणी सरकायचं नाही. कुस्तीत पाठ टेकली की नाही हे मातीखालची चकती सांगायची, वरून ड्रोन घिरट्या घालायचे. निवेदनालाही एका वर्षी यंत्र बसवून पाहिलं. नावं बिनचूक घेतली त्यानं, पण ऐकून एकही पैलवान मांडी थोपटेना. पुढच्या जत्रेला कमिटी हात जोडून बापूच्या दारात.

बापूच्या तोंडून पैलवान कसा उतरायचा! मागं सदूची हलगी कडकडायची आणि पुढं नाव, गाव, बापाचं नाव, वस्तादाचं नाव, मागच्या साली कुणाला ढाक लावून चीत केलं, सगळं एका दमात. हजारेक नावं त्याच्या जिभेवर दाटीवाटीनं बसलेली असायची. त्यातलं एकही कधी खाली पडलं नाही.

पडलं ते एकच. आणि पडलं तेही भर जत्रेत.

त्या साली कमिटीनं बापूचाच सत्कार ठेवला. फेटा बांधला, शाल घातली. पहिल्या रांगेत बापूची बायको हिरवं लुगडं नेसून बसली होती, तिलाही साडी आणि नारळ दिला. (तिचं नाव पुढं येईल. बापूलाच ते सापडत नव्हतं, तर आपण कशाला पुढं पुढं करायचं.) सत्कार झाला तशी पोरं ओरडायला लागली, “बापू, उखाणा! वैनींचं नाव घ्या! त्याशिवाय कुस्ती लागणार न्हाई!”

बापूला काय, माईक हातातच होता.

“लाल मातीत घुमतो हलगीचा ठेका,
जिनं संसार पेलला, तिचं नाव ऐका…”

सदूनं हलगीवर झकास तोड दिली. मैदान कान टवकारून बसलं. बापूनं तोंड उघडलं, आणि तोंडात काहीच नव्हतं.

विसरण्याचा अनुभव त्यालाही होता. विसरलेली गोष्ट कुठंतरी आत कुजबुजत असते. हे तसं नव्हतं. पाट मांडलेला, ताट वाढलेलं, उदबत्ती लावलेली, आणि जेवणारा कुणी नाहीच. समोर बायको दिसत होती, ती कुठल्या कुशीवर झोपते हे ठाऊक होतं, तिच्या कोपरावरचा भाजल्याचा डाग ठाऊक होता. नाव नव्हतं. वर ड्रोन येऊन थांबला. सदूनं पुन्हा एकदा तोड दिली, जराशी काळजीनं. आणि बापूच्या तोंडून खोल तळातून काहीतरी सुटून वर आलं.

“…नकुसा!”

पोरं हसली. त्यांना वाटलं, बापूंनी थट्टा केली. म्हातारी माणसं मात्र एकदम गप्प झाली. पहिल्या रांगेतल्या बाईनं नारळ खुर्चीवर ठेवला, त्यावर साडी ठेवली आणि ती उठून घरी चालती झाली.

आता या नावाची गोष्ट सांगायला हवी. ती बापाची चौथी पोरगी. पोरी नको झाल्या की शेवटच्या पोरीचं नाव नकुसा ठेवायचं, म्हणजे देव समजतो आणि पुढं पोरगा देतो, अशी तेव्हा त्या भागात समजूत होती. देवाला समजलं की नाही कोण जाणे, पोरीला मात्र बोलायला यायच्या आधी समजलं. तालमीच्या मागंच त्यांचं घर. जालिंदर लहानपणापासून तालमीत लोळायचा, आणि दिवसभर मागून हाका ऐकू यायच्या: नकुसा पाणी आण, नकुसा शेण काढ. तोही तिला त्याच नावानं हाक मारायचा. नाव म्हणजे नाव, त्याचा अर्थ लावायचं वय नव्हतं ते.

अर्थ कळला तेव्हा तो लग्नाचा झाला होता, आणि हट्टानं त्यानं हीच पोरगी मागितली. लग्नात नवऱ्यामुलानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. जालिंदर त्यासाठी शाळेतल्या गुरुजींकडे जाऊन आला होता. “गुरुजी, नकोशीच्या बरोब्बर उलटं नाव द्या.” गुरुजींनी दिलं. असं भारदस्त, की तांदूळ पुरेनात. सासूच्या तर ते जिभेवर चढेचना. सासरे सूनबाई म्हणू लागले, दीर वैनी म्हणू लागले, पुढं गाव काकी म्हणू लागलं. आणि ज्यानं नाव ठेवलं त्याला ते चारचौघांत घ्यायची लाज वाटायची, म्हणून तो म्हणायचा, “अगं.” बायकोची तक्रार नव्हती. जुनं नाव गेलं, एवढ्यावर ती खूश होती.

म्हणून त्या दिवशी जत्रेतून बापू घरी आला, तेव्हा ती भाकरी थापत होती आणि परातीवर जोर जरा जास्तच लागत होता.

“अगं, चुकून गेलं तोंडातनं.”

“अख्ख्या मैदानासमोर.”

“दुसरं आठवंना तर काय करू?”

“हजार पैलवान आठवत्यात तुमास्नी. त्यांची आजं-पणजं आठवत्यात.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “ऐका. त्या नावानं हाक मारली तर मी ओ देणार न्हाई. आन् नुसतं अगं म्हणलासा तरी न्हाई. नाव घ्यायचं.”

“मग सांग की काय ते.”

“मी न्हाई सांगणार. तुमी ठेवलंय. तुमी आठवा.”

झालं. घरात बोलणं बंद. बापूनं गावात चौकशी केली, तर गोंधळ आणखी वाढला. शेजारीण म्हणाली, “काकीच की वो नाव त्यांचं.” सदू म्हणाला, “वैनी.” चुलतभावानं बराच विचार करून सांगितलं, “तुज्या बायकूचं नाव मला कशाला म्हाईत पायजे?” कागद शोधावा तर त्या काळात सगळं चेहऱ्यावर चालायचं, दुकानापासून दवाखान्यापर्यंत, नाव लिहिलेला कागद घरात उरला नव्हता.

शेवटी त्याला सोप्यातल्या बोलक्या पडद्याची आठवण झाली. बायकोचा फोटो समोर धरला, पडद्यानं घडाघडा नाव सांगितलं. बापू आनंदानं उठला, नाव ओठात धरून स्वयंपाकघराकडे निघाला, आणि उंबऱ्यावर पोचेतो ते गेलं. परत फिरला. पुन्हा विचारलं, पुन्हा पळाला. ओंजळीत पाणी घेऊन पळावं तसं. तिसऱ्या खेपेला तो धापा टाकत शेगडीपुढं उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं आणि रिकाम्या हातांकडं बघत राहिला.

बायको सगळं बघत होती. राग तसाच होता, पण त्याखालून भीती वर आली. तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली, “पायात चपला घाला. मिरजेला जायचं.”

मिरजेच्या गुणसूत्र केंद्रातल्या डॉक्टर शाहीन मुजावर तिथल्याच, त्यामुळे त्यांना बापूचा आवाज लहानपणापासून ओळखीचा. आधी त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी माणसांचे फोटो दाखवले. बापू म्हणायचा, “हा आमचा सरपंच, याला गुळाचा चहा लागतो, याच्या मेव्हण्याची बोअर आटली.” आणि नाव? “नाव… नाव काय बरं याचं.” मग डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सोबत आलेल्या सदूला हलगी वाजवायला सांगितली. ठेका पडला आणि बापूच्या तोंडून नावांचा धबधबा सुटला. बाजूच्या खोलीतले दोन पेशंट मांडी थोपटून उभे राहिले.

डॉक्टरांनी डोकं धरलं. “म्हणजे नावं आहेत, आणि नाहीत.”

“हे मी घरी कवाधरनं सांगतोय,” बापू म्हणाला.

त्यांनी त्याच्या नाकातून कापसाच्या काडीनं थोड्या पेशी काढल्या आणि यंत्रात घातल्या. हे यंत्र एकेका पेशीतली गुणसूत्रं वेगवेगळी वाचतं. दुसऱ्या भेटीत भिंतीवर चित्र उमटलं.

“हे बघा. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. गुणसूत्र म्हणजे दोरा समजा, टोकं उसवू नयेत म्हणून दोन्हीकडं गाठ मारलेला. बापूंच्या एकोणिसाव्या जोडीतल्या एका दोऱ्याची दोन्ही टोकं तुटली आणि एकमेकांना चिकटली. जन्माच्याही आधी. दोऱ्याचं झालं कडं.”

“आन् एवढी वरसं काय झालं न्हाई?” बायकोनं विचारलं.

“पेशीची दुसरी पेशी होताना प्रत्येक दोऱ्याची नक्कल निघते आणि दोन्ही बाजूला एकेक जातो. दोरा सरळ असेल तर सुटतो. कड्याची नक्कल कधीकधी पहिल्या कड्यात अडकते, साखळीच्या दुव्यासारखी. मग ओढाताणीत तुटते, हरवते. मेंदूतल्या नावं सांभाळणाऱ्या पेशींची उस्तवार करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यात असं हळूहळू होत गेलंय. इथं, डाव्या कानशिलाच्या आत.” त्यांनी स्वतःच्या कानशिलावर बोट ठेवलं. “नावाची गंमत अशी, की मेंदूला ते पकडायला काही धागाच नसतो. एखादा सुतारकाम करतो म्हटलं की रंधा आठवतो, भुसा आठवतो. पण एखाद्याचं आडनाव सुतार आहे म्हटलं, तर काय आठवणार? म्हणून पहिलं नाव जातं. माणूस शाबूत राहतो.”

“मग पैलवानांची?” सदूनं विचारलं.

“ती ठेक्यावर बसलीत. ती वाट वेगळी, सायकल चालवण्यासारखी. रोज घोटलेली.”

बायकोनं भिंतीवरच्या कड्याकडं बोट केलं. “माझं नवं गेलं, आन् जुनंच कसं ऱ्हायलं?”

“जे नाव जिभेवरून जास्त वेळा गेलं, ते खोल रुतलं.” डॉक्टर जरा अडखळल्या. “काकी, लग्नानंतर बापू तुम्हाला काय हाक मारायचे?”

बापूनं खाली मान घातली. सदूनं उगाच हलगीची वादी आवळली.

उपाय होता. कातडीतली पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवली, तर कधीकधी ती शहाणपणा करते: अडचणीचं कडं टाकून देते आणि जोडीतल्या धड दोऱ्याची आणखी एक प्रत काढते. अशा शहाण्या पेशी मेंदूत सोडायच्या. गेलेली नावं परत येणार नाहीत, पण राहिलेली टिकतील. पण तो उपाय जगात कुठंच सुरू होईना, कारण आजाराला नाव नव्हतं. नाव नाही तर नोंद नाही, आणि नोंद नाही तर औषध नाही.

पूर्वी आजारांना डॉक्टरांची नावं द्यायचे; डॉक्टरांची आपसांत भांडणं झाली. मग गावांची दिली, गावं चिडली. मग आकडे दिले; ते औषधवाल्यांच्याही लक्षात राहीनात. शेवटी जगानं ठरवलं, की पहिल्या रुग्णानं स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या तोंडानं आजाराला जे म्हटलं, तेच नाव. कुणी सुचवायचं नाही. नोंदयंत्र विचारणार, रुग्ण सांगणार. नाव ग्राह्य होईतो मध्ये दुसऱ्याचा शब्द पडला तर नोंद रद्द आणि पाळी पुन्हा रांगेच्या शेवटी.

“म्हणजे ज्याला नावं येत न्हाईत, त्यानंच नाव सांगायचं,” सदू म्हणाला. “वा रे नियम.”

सुचवायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. मग खिडकीबाहेर बघत त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, की कडं हा किती सुटसुटीत शब्द आहे नाही?

बायकोनं तो उचलला. तिचं बोलणं अजून तुटकच होतं, पण बसमध्ये तिनं घोकंपट्टी चालू ठेवली. “यंत्रानं विचारलं, आजाराला काय म्हणता?”

“कडं.”

“दुखण्याला काय म्हणता?”

“कडं. अगं, ती काय नाव हाय व्हय, वस्तू हाय. वस्तू ऱ्हाती माज्या डोस्क्यात.”

“अगं म्हणायचं न्हाई.”

“बरं,” बापू म्हणाला, आणि ओठावर आलेलं पुढचं ‘अगं’ त्यानं गिळून टाकलं.

नोंदीच्या दिवशी त्याला काचेच्या खोलीत बसवलं. साक्षीदार म्हणून बायको शेजारी. तिनं तोंडातून चकार शब्द काढायचा नव्हता. काचेपलीकडं डॉक्टर आणि सदू. समोर गुळगुळीत काळी पेटी. पेटीचं मराठी कुठल्या पंडितानं शिकवलं होतं देव जाणे.

“नमस्कार. आपणांस जडलेल्या व्याधीविषयी काही विचारावयाचे आहे. आपण सिद्ध आहात काय?”

“सिद्ध? आं… हाय की.”

‘आजार’ आणि ‘दुखणं’ या दोन शब्दांसाठी बापू कान लावून बसला होता. व्याधी हा शब्द त्याच्या कानावरून वाऱ्यासारखा गेला.

“ती आपल्यासमवेत केव्हापासून आहे?”

बापूनं इकडंतिकडं पाहिलं. खोलीत ‘ती’ एकच होती, हिरवं लुगडं नेसून बसलेली. हिची चौकशी कशाला, त्याला समजेना. पण सरकारी कामात असं काहीबाही विचारतातच.

“तशी जन्मापासनंच म्हणा. तालमीमागंच की.”

“नोंद घेतली. जन्मापासून.” काचेपलीकडं डॉक्टरांनी समाधानानं मान हलवली. “तिचा त्रास प्रथम केव्हा जाणवला?”

“लग्न झाल्यावर.”

“कोणत्या प्रहरी अधिक?”

“सकाळी. लवकर उठलो न्हाई तर.”

“ती वाढते आहे असे आपणांस वाटते काय?”

बापूनं बायकोकडं चोरून पाहिलं. “थोडी वाढलीया. वय झालं आता. मी बी वाढलोय.”

बायकोचे डोळे मोठे झाले. तिला कळलं होतं. तिनं काचेकडं पाहिलं, डॉक्टरांचा चेहराही उतरला होता. पण बोलायचं कुणी? शब्द पडला की नोंद गेली.

“तिच्यामुळे आपल्या कार्यात बाधा येते काय?”

“बाधा? उलट हाय वो. पयल्या रांगेत तिची जागा. ती बसली की माईकात जोर येतो. एकदा तापानं आली न्हवती, तर मी जिंकलेल्याला हरलेला म्हणून पुकारलं. मारामारी झाली.”

“नोंद घेतली. कार्यात वृद्धी.” पेटी क्षणभर थांबली, जणू तिलाही कोडं पडलं. “तिच्यापासून मुक्ती मिळावी, अशी आपली इच्छा आहे काय?”

बापू गार पडला.

मुक्ती! आता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, चुकीचा. म्हणून ही काचेची खोली, म्हणून साक्षीदार, म्हणून हिनं बोलायचं नाही. हे कोर्ट होतं. जत्रेतल्या त्या एका नावापायी बायकोनं त्याला फारकतीला आणून बसवलं होतं, आणि बसमध्ये कडं-कडं करून गुंगवलं होतं.

“ती… ती तसं म्हणाली का?”

“कृपया उत्तर द्यावे.”

“न्हाई!” आवाज असा निघाला की काच थरथरली. “मुक्ती-बिक्ती काय नको मला. लिवून घ्या. मी तिला मागून आणलीया. तिच्या बापाला नको होती, मला पायजे होती. तवाबी, आत्ताबी. नाव घेतलं न्हाई कधी, हे माजं चुकलं. लाज वाटायची. हजार पैलवानांची नावं वरडत गावोगाव फिरलो आन् घरच्या माणसाचं तेवढं…” त्यानं पेटीपुढं हात जोडले. “ती रागावली तरी चालंल. ओ दिली न्हाई तरी चालंल. घरात असू द्या.”

शेजारी बायकोनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. हुंदकाही शब्द धरतात की काय, तिला माहीत नव्हतं.

“नोंद घेतली,” पेटी म्हणाली. “अंतिम प्रश्न. तिला आपण काय म्हणता?”

बापूनं डोळे मिटले. आत पाट मांडलेला होता. त्यानं तांदळाचं ताट आठवलं, अंगठी आठवली, गुरुजींचा चष्मा आठवला. अक्षरं मात्र तांदळात मिसळून गेली होती. एक नाव वर येऊ बघत होतं आणि तो त्याला दाबून धरत होता. पण काहीच बोललो नाही तर? ज्याला बायकोचं नाव येत नाही, त्याच्याकडे बायको कोण ठेवील?

“नकुसा,” तो कसाबसा म्हणाला.

“नकुसा. अर्थ, नकोशी असलेली. या नावाची एकही व्यक्ती सांप्रत नोंदीत नाही. नाव ग्राह्य आहे. आक्षेप असल्यास रुग्णाने वा साक्षीदाराने आता सांगावा.”

दार उघडून डॉक्टर धावत आत आल्या. “बापू, अहो, व्याधी! व्याधी म्हणजे आजार. ती आजाराबद्दल विचारत होती!”

“आजार तर तो असतो,” बापू म्हणाला.

“आजार तो, दुखणं ते, व्याधी ती!”

बापूनं हे तिन्ही एकापुढं एक मांडून बघितले. मग बायकोकडं वळला. “म्हंजे तू मला सोडत न्हाईस?”

“कुठं सोडू?” ती डोळे पुसत म्हणाली. “मिरजेच्या स्टँडवर?”

बापूचा जीव भांड्यात पडला, आणि मग उरलेली गोष्ट त्याच्या ध्यानात आली. “डॉक्टर, हे नाव आता कुठंकुठं जाणार?”

“जगभर.”

“खोडा.”

“बापू, खोडलं तर पुन्हा रांग. पाळी केव्हा येईल सांगता येत नाही. तोवर ठेक्यावरची नावंसुद्धा…” त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं.

“जाऊ द्यात. पैलवानांना पुकारणारा दुसरा मिळंल. एका जत्रेत ते नाव घेतलं, तर ही रडकुंडीला आली. जगात घेतलं तर हिनं तोंड कुठं लपवायचं? खोडा म्हणतो ना. मी आक्षेप घेतो. ए पेटी!”

“थांबा,” बायको म्हणाली.

ती उठून पेटीपुढं गेली. पेटीच्या काळ्या काचेत तिला स्वतःचंच तोंड दिसलं.

“एवढी वरसं ते नाव माझ्या मागं मागं फिरतंय. लग्नात टाकलं, तरी माहेरी गेलं की दारात उभं. मेलं मरता मरंना, दुसरं कुणी घेईना.” तिनं नाक ओढलं. “आता घेणारा गावलाय. खरंच नको असलेल्याला लागलंय ते, पयल्यांदा. जगातला कुठलाबी डॉक्टर ते नाव घेईल आन् त्याच्यावर औषध शोधंल. ऱ्हाऊ दे. दिलं मी.”

“अगं, पण…”

“माझा आक्षेप न्हाई,” ती पेटीला म्हणाली. “आन् ह्यांचाबी न्हाई.”

बापूनं तिच्याकडं पाहिलं. तिची मान अशी ताठ होती, की त्यानं गुमान मान डोलावली.

“नोंद पूर्ण झाली,” पेटी म्हणाली. “साक्षीदाराने आपले नाव सांगावे.”

तिनं पदर सारखा केला. हे नाव तिनं स्वतःही मोठ्यानं कधी घेतलं नव्हतं. घेताना ती जरा अडखळली.

“अभिलाषा जालिंदर शिंगटे.”

बापूनं आ वासला. तो ओठ हलवू लागला, पुटपुटू लागला, बाहेर व्हरांड्यात आल्यावर एकदा खणखणीत म्हणालाही. ओळीत बसलेले सगळे पेशंट वळून बघायला लागले, सदूनं हलगीवर थाप मारली. जिन्याशी पोचेतो ते गेलं.

“काय म्हणालीस गं मगाशी?”

“अभिलाषा.”

फाटकाशी पुन्हा गेलं. पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. बसमध्ये कंडक्टरला वाटलं, नवीनच लग्न झालंय यांचं, म्हातारपणी.

“भारी नाव हाय,” बापू छाती फुगवून म्हणाला. “असलं नाव ठेवलं तरी कुणी?”

“हाय एक येडा,” ती म्हणाली. “म्हणा बघू परत.”

“काय म्हणू?”

“अभिलाषा,” तिनं सांगितलं.